पाचच्या नोटेला पाच लाख देणारा माणूस राहतो कुठं?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एक चौकट छापलीय, ट्रॅक्टरवाली पाचची नोट घरात असेल तर तुम्ही लखपती अशा अर्थाची. बाजूला वैष्णोदेवीच्या नाण्याचा फोटो, त्याखाली ७८६ नंबरच्या नोटेचा. बातमी कुणी दिली त्याचं नाव नाही, नोट विकत घेणार कोण त्याचंही नाव नाही. त्या दिवसापासनं आमच्या दाराची बेल थांबलेली नाही, कारण बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की ह्या माणसाला जुन्या नाण्यांचं खूळ आहे, म्हणजे पेपरात आलंय म्हणल्यावर घेणारा हाच. पहिल्या दिवशी नऊ जण आले. समोरच्या वहिनी तर डब्यात तांदूळ घालून त्यात नाणं ठेवून घेऊन आल्या, दहाचं, वैष्णोदेवीचं, आणि म्हणाल्या भावजी तुम्हीच ठरवा काय द्यायचं ते, आपल्यात काय व्यवहार आलाय.

मी त्यांना म्हणलं वहिनी, हे २०१२ साली निघालेलं नाणं आहे, श्राइन बोर्डाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारनं पाचचं आणि दहाचं काढलं होतं, टाकसाळीतनं ढिगानं बाहेर पडलंय, ह्याचे दहा रुपयेच येणार. त्यांचा चेहरा असा झाला की मीच त्यांचे लाख रुपये खिशात घातलेत. दुसऱ्या दिवशी गल्लीत चर्चा सुरू, की काका मुद्दाम भाव पाडूलालेत, स्वस्तात घेऊन बेंगळूरला विकणार. म्हणून हे पत्र, जरा लांबणार आहे, काटायचं तिथं काटा.

माझी ओळख म्हणाल तर मी काय मोठा अभ्यासक नाही. उद्यमबागेत फौंड्रीत पॅटर्न शॉपला एकतीस वर्षं काढली, लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न केले, म्हणजे ज्याच्यावरनं ओतकामाचा साचा काढतात तो नमुना, आता रिटायर आहे. नाण्यांचा नाद लागला तो आजीच्या देव्हाऱ्यामुळं. ताम्हणात एक तांब्याचा जाड गोळा असायचा, आजी त्याला ढब्बू म्हणायची, दर दिवाळीला चिंच आणि राख लावून घासून लख्ख करायची. सातवी-आठवीत असताना मास्तरांनी तो हातात घेऊन उन्हात तिरका धरला आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं, 'श्री राजा शिव', उलटं केलं तर 'छत्रपति'. त्या दिवसापासनं मी बिघडलो. पुढं कळलं की ही शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, पण आमची काय १६७४ च्या राज्याभिषेकावेळची वगैरे नाही, शिवराई नंतर पेशवाईत आणि त्याच्याही पुढं पाडत राहिले, आमची त्यातलीच उशिराची. आणि आजीनं घासून घासून तिची मूळची काळपट-तपकिरी कांती घालवलेली. एका व्यापाऱ्यानं बघून सांगितलं, न घासलेली असती तर तिप्पट दिले असते. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजीच्या हाताची झीज आहे ती, पण ज्यांना विकायचंय त्यांनी लक्षात ठेवा, जुनं नाणं घासायचं नाही, लिंबू नको, चिंच नको, टूथपेस्ट नको, काय पण नको.

आता त्या चौकटीनं काय होतं ते सांगतो. आमचा एक नातलग आहे खानापूर तालुक्यातला, शेती करतो, वय असेल पंचेचाळीस. दोन वर्षांमागं अशीच पेपराची बातमी मोबाईलवर वाचून त्यानं ट्रॅक्टरच्या नोटेचा फोटो काढून कुठल्यातरी ॲपवर टाकला. तासाभरात फोन, हिंदीतनं, तुमची नोट साडेचार लाखाला फायनल झाली. पहिल्यांदा रजिस्ट्रेशनचे ९५० रुपये भरा. भरले. मग व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र आलं, एनओसीसाठी ३,२००. भरले. मग म्हणाले पैशाची गाडी निघाली पण जीएसटी आगाऊ भरावा लागतोय, ९,८००. हे त्यानं सोसायटीतनं उचलून भरले. एकूण १३,९५० गेले, नोट अजून त्याच्याच पाकिटात आहे, प्लास्टिकमध्ये घालून ठेवलीय. पोलिसात जा म्हणलं तर लाज वाटते म्हणतो, बायकोला अजून सांगितलेलं नाही. ह्यात फसवणाऱ्याची हुशारी बघा, तो नोट मागतच नाही. नोटेशी त्याला घेणंदेणंच नाही, त्याला पाहिजे ती फी.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की आमचं नाव आणि लोगो वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात लोकांकडनं पैसे मागितले जातायत, आम्ही असल्या व्यवहारात नसतो, कधी कमिशन किंवा फी मागत नाही. त्या चौकटीखाली एवढी ओळ आणि सायबर फसवणुकीचा १९३० नंबर टाकला असता तर दोन इंच जागा गेली असती फक्त.

मग ट्रॅक्टरच्या नोटेला काहीच किंमत नाही का, तर आहे, पण ती ट्रॅक्टरमुळं नाही. सही कुणाची, सिरीज कुठली, कोरी करकरीत आहे का घडी पडलीय, ह्यावर ठरते, आणि साध्या वापरलेल्या नोटेला पाचाचे दहा-वीस मिळाले तर चहा-भजी झाली समजायचं. ७८६ चं पण तसंच, ज्याची श्रद्धा आहे तो थोडे जास्त देऊन हौसेनं घेतो, पण तो गिऱ्हाईक तुमच्या गल्लीत त्या दिवशी असायला लागतोय. किंमत म्हणजे ॲपवर लिहिलेला आकडा नाही, समोरच्या माणसानं खिशात हात घालून मोजलेली रक्कम.

त्याहून अवघड आहे ते रामदरबाराच्या नाण्यांचं. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि साल १८१८, कुठं १७१७, कुठं चक्क १६१६. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलेलंच नाही, हे देवळाबाहेर विकायचे टोकन आहेत, बरेचसे अलीकडचे. पण लोकांना कुणीतरी सांगितलंय की हे चुंबकासारखं तांदूळ ओढतं आणि परदेशातली कंपनी करोडो देते. नंदगडकडचे एक आजोबा मुलाबरोबर आले होते, कोऱ्या पंचात बांधलेलं, त्यावर हळदकुंकू. मुलगा म्हणाला एजंटनं दोन कोटी सांगितलंय, टेस्टिंगचे पन्नास हजार मागतोय. मी त्या आजोबांना खोटं आहे असं नाही म्हणलं, कसं म्हणणार, म्हातारा रोज फूल वाहतोय त्याला. म्हणलं आजोबा, घरातला देव आहे, देव विकू नका. पोराला मात्र बाहेर पायरीवर नेऊन सगळं सांगितलं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. बाजारात हल्ली शिवराई नाण्यांचा पूर आलाय, गडांच्या पायथ्याला, जत्रेत, आपल्याकडं शनिवारच्या बाजारात पण एखादा चादर पसरून बसलेला असतो. मागच्या पावसाळ्याआधी मी असाच उकिडवा बसून बघत होतो, तो पोरगा म्हणतो काका काय हुडकूलालाय, सगळ्या ओरिजनल आहेत. ताटात पंधरा-सोळा शिवराया. एक उचलली, 'छत्र' च्या छ वर डाव्या बाजूला बारीक टोचा पडलेला. दुसरी उचलली, तोच टोचा, त्याच जागी. तिसरी, चौथी, तेच. आता ज्यानं आयुष्यभर पॅटर्नवरनं मोल्ड काढलेत त्याला हे सांगायला लागत नाही. शिवराई ही हातानं हातोडा घालून पाडलेली, तांब्याची चकती ठश्याखाली ठेवायची आणि घाव घालायचा, त्यामुळं एक दुसऱ्यासारखी नसते, कुणाचं अक्षर कडेला कापलेलं, कुणाचा ठसा सरकलेला, अक्षरं कोरणाऱ्यानं शिव चं सिव केलेलं सुद्धा सापडतं. चार नाण्यांना एकच जखम म्हणजे एकाच अस्सल नाण्याचा साचा घेऊन ओतलेली पिलावळ.

मग कडेवरनं नख फिरवलं, पार्टिंग लाइन लागली, फाइलनं घासून मोडलेली पण पूर्ण गेलेली नाही. भिंग लावलं तर पृष्ठभागावर पिनहोल, सुईच्या टोकाएवढे, गॅस अडकला की पडतात तसे. ठोकलेल्या नाण्यात धातू दाबानं सरकतो, अक्षराची कड उभी राहते, ओतलेल्यात कड साबणासारखी गोल होते. आणि श्रिंकेज, आमच्या पॅटर्न शॉपमधला पहिला धडा, धातू थंड होताना आक्रसतो म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा. नकली नाणं करणारा अस्सल नाण्यालाच पॅटर्न म्हणून वापरतो, मोठं करायला त्याला जमत नाही, त्यामुळं पिलू आईपेक्षा कणभर लहान निघतं, अक्षराची उंची व्हर्नियरनं मोजली तर कळतं. मी त्या पोराला हळूच म्हणलं बाळा, हे कुठनं आणतोस, तो हसला आणि म्हणाला काका तुम्हाला नको तर सोडा, गडावर जाणारे घेतात. खरं आहे, घेतात. पाचशेला घेतात, गळ्यात घालतात, फोटो काढतात. हौस म्हणून घ्या की, पण मग त्याला गुंतवणूक म्हणू नका. सोन्याच्या होनाचं तर नावच काढू नये, अस्सल होन मोजके आणि नकली पोत्यानं.

घरात पडलेल्या चांदीच्या रुपयांची वेगळी गंमत. आपल्याकडं व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाला राणीछाप, राजाच्याला राजाछाप म्हणतात. जुना रुपया म्हणजे तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी जवळपास ९२ टक्के, म्हणजे निव्वळ चांदी साधारण १०.७ ग्रॅम. चांदी किलोला एक लाख धरली तरी नुसत्या धातूचे हजाराच्या वर होतात. आणि पंचम जॉर्जचे १९२० सालाच्या आधीचे रुपये इतके पाडलेत की जमवणारा त्याला धातूच्या वर फार देत नाही. मग चांदी वर गेली की काय होतं, लोक पेढीवर नेऊन वितळवतात. भाव चढले तेव्हा एका ओळखीच्या सराफाच्या दुकानात काट्यावर रुपयांचा ढीग बघितला, मी म्हणलं दोन मिनिटं बघू दे, त्यात १९११ चा एक निघाला. हा तो डुकराचा रुपया, पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला, सरकारनं बहुतेक नाणी परत वितळवली आणि पुढच्या साली हत्तीची सोंड नीट करून काढली. तो मी वजनाच्या वर पैसे देऊन घेतला. सराफ हसला, म्हणाला तुमच्यासारखे दोन गिऱ्हाईक आले तर माझी भट्टी बंद. त्यामुळं घरातली राणीछाप पेढीवर नेण्याआधी निदान सालं वाचा, १८६२ चं साल टाकून बरीच वर्षं तेच पाडत राहिले, १८७७ पासनं क्वीनच्या जागी एम्प्रेस आलं, हे काय डोंगर फोडायचं काम नाही.

आणि उलटंही होतं. १९४७ चा वाघाचा रुपया घेऊन लोक येतात, स्वातंत्र्याच्या सालाचा चांदीचा म्हणून. मी खिशातलं चुंबक लावतो, टक्कन चिकटतो. निकेलचा आहे तो. चांदीचा रुपया महायुद्धात १९४० ला पन्नास टक्क्यांवर आला आणि मग चांदी गेलीच. पोस्टाच्या पाकिटाएवढ्या पिशवीत दीडशे वाघ घेऊन आलेले एक गृहस्थ मला अजून आठवतात, त्यांनी पंधरा वर्षं बँकेच्या लॉकरचं भाडं भरलं होतं त्याच्यावर.

आता गुंतवणूक. ह्यात मी स्वतः तोंड भाजून घेतलंय म्हणून बोलायचा हक्क आहे. नव्वद सालानंतर मी पोस्टाची नवीन तिकिटं अख्ख्या शीटनं घ्यायचो, मिनिएचर शीट, फर्स्ट डे कव्हर, दोनशे रुपये डिपॉझिट भरून पोस्टात खातं काढलं की घरपोच यायचे. मनात हिशेब असा की वीस वर्षांनी पोरीच्या लग्नाला काढू. २०१७ मध्ये बातमी आली की १९४८ च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या, सरकारी वापरासाठी वर 'सर्व्हिस' छापलेल्या चार तिकिटांची पट्टी ५ लाख पौंडाला गेली, तेव्हा मी घरात सगळ्यांना पेपर दाखवत फिरलो होतो. पण त्या तिकिटाचे शंभरच काढले होते हो, गव्हर्नर जनरलच्या ऑफिससाठी. माझ्याकडं जे होतं ते लाखांनी छापलेलं, आणि माझ्यासारख्याच हजार शहाण्यांनी तेव्हाच शीटनं घेऊन कपाटात ठेवलेलं. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मिळ कशी होणार? विकायला गेलो तेव्हा छापील किमतीपेक्षा कमीनं मागितले, त्यातनं पण दोन पावसाळ्यात डिंक ओलसर होऊन एकमेकाला चिकटलेले वगळून. शेवटी बरेचसे पाकिटावर लावून पत्रं पाठवण्यात संपवले, निदान पत्र मिळणाऱ्याला आनंद.

बेळगावचा पाऊस हा ह्या छंदाचा पहिला शत्रू, हे मात्र कुणी सांगत नाही. जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात. तांब्याची नाणी स्वस्तातल्या पीव्हीसीच्या अल्बममध्ये घातली की दोन वर्षांत हिरवा चिकट थर येतो, माझी आदिलशाहीतली अकरा नाणी अशी गेली. आता कागदी पाकिटात ठेवतो, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्या श्रावणात दोनदा तव्यावर कोरड्या करून परत घालतो. घरातले म्हणतात नाण्यांना एवढं जपता, माझ्या लोणच्याच्या बरण्यांना बुरशी आली ते बघा आधी.

विकण्याचं खरं रूप मी बघितलं ते आमच्या मंडळींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. पैसे कमी पडत होते, म्हणलं एवढं जमवलंय ते कशासाठी. एका व्यापाऱ्याला घरी बोलावलं. माणूस वाईट नव्हता हं, चहा प्यायला, भिंग काढलं, चाळीस मिनिटांत तीनशे नाण्यांतनं अकरा बाजूला काढली आणि म्हणाला ही घेतो, बाकीची ठेवा, पोरं खेळतील. त्या अकराचे त्यानं जे दिले ते मी घेताना मोजलेल्यापेक्षा पण कमी होते. मी म्हणलं कॅटलॉगमध्ये तर दुप्पट आहे. तो म्हणाला काका, कॅटलॉगचा भाव मी विकतानाचा, आता मी घेतोय. त्याचं दुकानभाडं, प्रदर्शनाचा स्टॉल, दोन-दोन वर्षं अडकलेले पैसे, हे सगळं त्या मधल्या फरकात असतं, हा त्याचा धंदा आहे आणि धंदा म्हणून त्यात चूक काय नाही. पण ज्याला वाटतं की नाणी म्हणजे एफडी, त्यानं एकदा विकून बघावं. दिवसाचा भाव कुठं लावलेला नसतो, व्याज येत नाही, आणि गरज तुमची असली की भाव समोरच्याचा असतो. अकरातली अकरा नाणी मला अजून पाठ आहेत, कुठल्या खणात होती ते सुद्धा.

घड्याळाचं पण तेच चाललंय. एचएमटीच्या घड्याळांचा कारखाना बंद करायचं २०१६ ला ठरलं आणि लोकांना एकदम त्यांच्या जनता आणि पायलट ह्या मॉडेलांचा पुळका आला. वडिलांच्या हातातलं जनता कपाटात असेल तर चावी द्या आणि घाला. पण ऑनलाइन लाल, हिरव्या, जांभळ्या डायलचं म्हणून मिळतंय ना, त्यातल्या बऱ्याचशांची तबकडी नव्यानं रंगवलेली, मशीन एकाचं, काटे दुसऱ्याचे.

आता कायद्याचं, कारण ह्यावर तुमचा पेपर कधीच लिहीत नाही आणि लोक भीतीपोटी भलतंच करतात. गल्लीतल्या एका आजींच्या पत्र्याच्या डब्यात नोटबंदीतल्या पाचशेच्या सदतीस जुन्या नोटा सापडल्या, नातू म्हणाला काकांना विका, ते जमवतात. मी कपाळाला हात लावला. २०१७ च्या कायद्यानं साध्या माणसाला बंद झालेल्या नोटा दहाच्या वर ठेवता येत नाहीत आणि अभ्यासाला, नाणेसंग्रहाला म्हणून ठेवल्या तरी पंचवीस. म्हणजे ह्या छंदाला सरकारनं कागदावर मोजून पंधरा नोटांचा जास्तीचा मान दिलाय.

आणि जमिनीत सापडलेलं. गुप्तधनाचा कायदा आहे, कर्नाटकाचा १९६२ चा, असलं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. त्यात सापडणाऱ्याचा पण हक्क धरलेला आहे, पण हे कुणाला माहीत नसतं, सगळ्यांना एवढंच माहीत की सरकार घेऊन जातंय आणि वर चौकशी. मग रात्री सोनाराकडं, आणि सकाळपर्यंत लगड. आपला भाग काय साधा आहे का, इथं बेळगावला लागूनच वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातली वस्ती उत्खननात निघालीय, हलशी तर कदंबांची दुसरी राजधानी, नंतर आदिलशाही, मग मराठे. साताठ वर्षांपूर्वी एक माणूस रुमालात काहीतरी घेऊन आला, चिखल लागलेलं, पावलीहून लहान, सोन्याचं, त्यावर सिंह. गोव्याच्या कदंबांच्या नाण्यावर सिंह असतो हे मला फोटोत बघून माहीत होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. कुठं मिळालं विचारलं तर गप्प. घेता का एवढंच. मी नाही म्हणलं, एक तर पैसे नव्हते, दुसरं कायद्याची भीती, आणि शंभर वर्षांवरच्या वस्तूचा व्यापार करायला लायसन लागतं, बाहेरदेशी तर पाठवताच येत नाही. फोटो काढू दे म्हणलं, तो पण काढू दिला नाही. रुमाल बांधला आणि गेला. मी बरोबर वागलो असं सगळे म्हणतात. पण ते नाणं आता कुणाच्यातरी मंगळसूत्राच्या वाटीत असणार, आणि कुठल्या शेतात, किती खोल, बरोबर मडकं होतं का, ते कायमचं गेलं. खोटं कशाला बोलू, मला अजून झोपेत तो सिंह दिसतो.

तुम्ही म्हणाल मग हा माणूस अजून जमवतो कशाला. सांगतो, आणि ह्याला पैसे पडत नाहीत. मी आता पाकिटं जमवतो. आमचं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात, बेळगावशी भिंतीला भिंत पण राज्य वेगळं. आजोबांच्या ट्रंकेत सांगलीच्या संस्थानी स्टॅम्पपेपरवरचं खरेदीखत आहे, मोडीत लिहिलेलं. त्याच घराच्या पत्त्यावर पुढं आलेल्या पत्रांवर मुंबई राज्य लिहिलेलं. १ नोव्हेंबर १९५६ नंतर लोक म्हैसूर राज्य लिहायला लागले, तरी मामा मुद्दाम मुंबई राज्यच लिहायचे आणि पोस्टमन मुकाट्यानं आणून टाकायचा. १९७३ पासनं कर्नाटक. २०१४ ला बेळगाव चं सरकारी स्पेलिंग बदललं ते पण आलं. उंबरा एक, दार तेच, वर खिडकीला तीच तुटकी फळी, आणि पाकिटांवर एवढी राज्यं. आमच्या मामाचं अक्षर, पोस्टाचा शिक्का, तारीख, आतला मजकूर काय तर हरभऱ्याचा भाव आणि अमक्याला मुलगा झाला. मी ते सालाप्रमाणं लावून ठेवलंय. राजकारण नको, ते तुम्ही पानभर छापताच, पण ही गोष्ट बाजारात मिळत नाही, आणि असली पाकिटं दर दिवाळीला रद्दीवाला किलोवर नेतोय, तुमच्या पेपराच्या गठ्ठ्याबरोबर. मी रद्दीच्या दुकानात जाऊन बसतो कधीकधी. तिथला पोरगा आता ओळखतो, इनलँड दिसलं की बाजूला ठेवतो, मी त्याला कुंद्याचा पुडा देतो.

शाळेतली पोरं येतात बघायला, त्यातल्या दोघांना मी पोस्टाच्या त्या स्कॉलरशिपचं सांगितलं, सहावी ते नववीला वर्षाला सहा हजार मिळतात तिकिटांच्या छंदासाठी, दीनदयाळ स्पर्श नावाची योजना. मास्तरांना माहीतच नव्हती. हे छापा की. लखपती होणाऱ्या चौकटीएवढीच जागा लागेल.

माझी विनंती एवढीच आहे, असली चौकट परत छापायची असेल तर त्यात नोट विकत घेणाऱ्याचं नाव-गाव छापा. तो खरंच असेल तर सगळ्यात पहिल्यांदा मीच रांगेत उभा राहतो, माझ्याकडं ट्रॅक्टरच्या चाळीस नोटा आहेत. आणि नसेल तर छापू नका, कारण तुमच्या पेपरात आलं म्हणून लोक विश्वास ठेवतात, ॲपवर नुसतं बघितलं असतं तर आमच्या नातलगानं पण ९५० रुपये भरले नसते, तसं तो स्वतः मला म्हणाला.

हं, वहिनींच्या नाण्याचं राहिलं. मी घेतलं नाही म्हणल्यावर त्यांनी रागानं ते तांदळातनं काढून पर्समध्ये टाकलं आणि काल संध्याकाळी गणपत गल्लीत कोथिंबिरीच्या पेंडीला दिलं. भाजीवालीनं उलटसुलट करून बघितलं आणि परत केलं, दहाचं नाणं चालत नाही म्हणाली, नोट असेल तर द्या.

आपला एक वाचक,
शहापूर, बेळगाव